दोरी कोणाच्या हातात?

‘रिट्रीट’ आणि ‘विड्रॉवल’ या दोन इंग्रजी शब्दांच्या अनेक अर्थांची उकल

बँकेत पैसे काढायला जी चिठ्ठी भरतो, तिच्यावर ‘विड्रॉवल’ छापलेलं असतं. निवडणूक लागली की उमेदवारांच्या ‘विड्रॉवल’ची शेवटची तारीख जाहीर होते. सप्टेंबर उजाडला की हवामान खातं मोसमी पावसाच्या ‘विड्रॉवल’ची बातमी देतं, आणि दारू सोडायला दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाच्या केसपेपरवरही डॉक्टर तोच शब्द लिहितात. दुसरीकडे, २९ जानेवारीला दिल्लीत ‘बीटिंग रिट्रीट’ होतं, हिमालयातल्या हिमनद्या ‘रिट्रीट’ करत असल्याचं वाचायला मिळतं आणि एखाद्या कंपनीची मंडळी लोणावळ्याला ‘रिट्रीट’साठी जातात.

इंग्रजी-मराठी कोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे ‘माघार’ सापडते. मग बँकेत ‘रिट्रीट स्लिप’ का मिळत नाही? दारू सोडणाऱ्याला ‘रिट्रीट’चा त्रास का होत नाही? आणि लोणावळ्याला गेलेली मंडळी नेमकी कोणापुढे माघार घेतात?

हे अर्थ वरवर पाहता विखुरलेले वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एक साधी व्यवस्था आहे. ती लक्षात आली की बातमी, सरकारी परिपत्रक किंवा वैद्यकीय अहवाल वाचताना होणारे बरेच घोटाळे टळतात. त्यातले काही घोटाळे महागात पडणारे असतात, म्हणून हा खटाटोप.

दोन्ही शब्दांच्या पोटात ‘ओढणं’

‘रिट्रीट’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचं मूळ लॅटिन ‘रेत्राहेरे’ या क्रियापदात आहे. ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणं. शेतात ओढकाम करणारा ‘ट्रॅक्टर’ याच घराण्यातला.

‘विड्रॉ’ मात्र इंग्रजीच्या स्वतःच्या मातीतला आहे. त्यातला ‘ड्रॉ’ म्हणजे ओढणं. टेबलाचा ‘ड्रॉवर’ ओढून उघडतो आणि बँकेचा ‘ड्राफ्ट’ खात्यातून पैसे ओढतो, ते याच अर्थाने. त्याच्या आरंभीच्या ‘विथ’चा अर्थ आज ‘सोबत’ असा होतो, पण जुन्या इंग्रजीत तो ‘विरुद्ध’ असा होता आणि काही जोडशब्दांत ‘दूर’ किंवा ‘मागे’ अशीही छटा त्याला आली. म्हणजे ‘विड्रॉ’ हेही ‘मागे ओढणं’च झालं.

तिसरा भाऊ आहे ‘रिटायर’. तोही फ्रेंच, आणि त्याचाही मूळ अर्थ मागे ओढून घेणं. फ्रेंच भाषेत तर आजही सैन्याची माघार आणि नोकरीतली निवृत्ती या दोन्हींसाठी ‘रत्रेत’ हा एकच शब्द चालतो.

आपल्या फ्लॅटमधली ‘ड्रॉइंग रूम’ही याच कुळातली. चित्रकलेशी तिचा काही संबंध नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत दिवाणखान्यातल्या गर्दीतून उठून निवांत बसायला आत एक खोली असे, तिचं नाव ‘विड्रॉइंग रूम’. पुढे नावातला आरंभ गळून पडला. गर्दी टाळण्यासाठी बांधलेल्या खोलीचं नाव आज आपण पाहुण्यांना बसवण्याच्या खोलीला देतो.

पोहरा वर येतो, माणूस मागे सरतो

मूळ अर्थ एकच असताना दोन शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या व्याकरणामुळे. ‘विड्रॉ’ला बहुतेक वेळा कर्म लागतं, म्हणजे काय मागे घेतलं ते सांगावं लागतं: पैसे, अर्ज, सैन्य, खटला, औषध. ‘रिट्रीट’ला सहसा कर्म लागत नाही. तिथे जो मागे सरतो तोच कर्ता.

विहिरीवर पोहऱ्याने पाणी शेंदणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. दोरी त्याच्या हातात आहे, तो ओढतो आणि पोहरा वर येतो. हे ‘विड्रॉवल’. ओढणारा एक, ओढली जाणारी वस्तू दुसरी, आणि ती जिथे होती तिथून बाहेर आली. आता त्याच माणसाला विहिरीच्या काठावर फणा काढलेला नाग दिसला आणि तो दोन पावलं मागे सरला, तर ते ‘रिट्रीट’. इथे दोरीचा प्रश्न नाही. माणूस स्वतः हलला, आणि समोर काहीतरी होतं म्हणून हलला.

म्हणून हे शब्द समोर आले की दोन प्रश्न विचारावेत. दोरी कोणाच्या हातात आहे? आणि समोर कसला दाब आहे? दोरी दिसली तर तिथे ‘विड्रॉवल’ बसतं, दाब दिसला तर ‘रिट्रीट’.

माणूस स्वतःच ‘विड्रॉ’ झाला असंही इंग्रजीत म्हणतात. तिथे तो स्वतःलाच ओढून घेतो, म्हणजे ठरवून बाजूला होतो. त्यामुळे या शब्दाला निर्णयाची, शांतपणाची छटा येते. ‘रिट्रीट’मध्ये ती असेलच असं नाही.

काबूलमधून तीन वेळा

एकाच शहरातून परकं सैन्य तीनदा बाहेर पडलं आणि इंग्रजी इतिहासाने त्या घटनांना वेगवेगळी नावं दिली. शब्दांचा फरक इथे स्पष्ट दिसतो.

पहिल्या अफगाण युद्धात ब्रिटिशांनी ६ जानेवारी १८४२ रोजी काबूल सोडलं. सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे, बायका-मुलं जलालाबादच्या दिशेने निघाली. कागदावर ही ठरवून केलेली वापसी होती. अफगाण सरदारांशी करार झाला होता आणि सुखरूप वाटेचं आश्वासन मिळालं होतं. प्रत्यक्षात बर्फाने भरलेल्या खिंडींत दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून गोळ्यांचा वर्षाव झाला. थंडीने आणि हल्ल्यांनी फौज संपली. १३ जानेवारीला फौजेतले डॉ. विल्यम ब्रायडन जखमी अवस्थेत, थकलेल्या घोड्यावर जलालाबादला पोहोचले. काही लोक कैदेत जिवंत राहिले, थोडे मागाहून परतले, पण सैन्य म्हणून काही उरलं नाही. इंग्रजी पुस्तकांत या घटनेचं नाव ‘रिट्रीट फ्रॉम काबूल’ असं आहे. करारातल्या शब्दांना काही किंमत उरली नव्हती, कारण दोरी ब्रिटिशांच्या हातातून सुटली होती.

दुसऱ्यांदा बाहेर पडलं ते सोव्हिएत सैन्य. एप्रिल १९८८ मध्ये जिनिव्हाला करार झाला, वेळापत्रक ठरलं आणि १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह अमू दर्या नदीवरचा पूल चालत ओलांडून गेले. याला ‘विड्रॉवल’ म्हणतात. तिसरी वेळ अमेरिकेची. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा इथे तालिबानशी करार झाला आणि ३० ऑगस्ट २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शेवटचं विमान उडालं. याही घटनेचं अधिकृत नाव ‘विड्रॉवल’च. पण त्या ऑगस्टमध्ये विमानतळावरची गर्दी आणि गोंधळ जगाने पाहिला, आणि अनेक टीकाकारांनी तिला ‘रिट्रीट’ म्हटलं.

हा शब्दनिवडीचा वाद किरकोळ नव्हता. ‘विड्रॉवल’ म्हणणारा सांगतो की निर्णय आमचा होता. ‘रिट्रीट’ म्हणणारा सांगतो की तुमच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. सरकारं सहसा पहिला शब्द वापरतात, विरोधक दुसरा. परदेशी बातमी वाचताना कोणता शब्द आहे आणि तो कोणाच्या तोंडी आहे, हे पाहिलं तर लिहिणाऱ्याची बाजू कळते.

मागे येण्याचं शास्त्र

अमेरिकी लष्कराच्या युद्धशास्त्रात शत्रूपासून दूर जाण्याच्या हालचालींचे तीन प्रकार मानले जातात. लढत लढत हळूहळू मागे सरकून वेळ मिळवणं हा पहिला. शत्रूशी भिडलेल्या फौजेने स्वतःला सोडवून घेणं हा दुसरा, तो ‘विड्रॉवल’. शत्रूशी संपर्क नसताना दुसरीकडे निघून जाणं हा तिसरा, आणि त्याला म्हणतात ‘रिटायरमेंट’.

यातला दुसरा प्रकार सर्वांत अवघड. समोरचा हल्ला चालू असताना सगळे एकदम वळले तर पाठीवर वार होतात. म्हणून एक तुकडी जागेवर थांबून लढते, दुसरी मागे जाऊन मोक्याची जागा धरते, मग पहिली तिच्या आडून मागे येते. तोफा आधी हलवाव्या लागतात, वाटेतले पूल हाताशी ठेवावे लागतात, दाणागोटा पुरवावा लागतो. यातलं एक बिघडलं की ‘विड्रॉवल’चं ‘रिट्रीट’ होतं.

याचं उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातच आहे. १८०४ च्या उन्हाळ्यात कंपनी सरकारचा कर्नल विल्यम मॉन्सन मुकुंदरा खिंड ओलांडून यशवंतराव होळकरांच्या मुलखात पुढे गेला. होळकर चाल करून येताहेत हे कळलं, रसद कमी पडली, आणि जुलैमध्ये तो वळला. त्याच वेळी पावसाने गाठलं. चिखलात तोफा रुतल्या आणि त्या निकामी करून टाकून द्याव्या लागल्या. नद्यांना पूर होते आणि पाठीवर होळकरांचे स्वार. ऑगस्टअखेर आग्र्याला पोहोचेपर्यंत फौजेची दाणादाण उडाली होती. इंग्रज इतिहासकारांनीही तिचं नाव ‘मॉन्सन्स रिट्रीट’ असंच ठेवलं. त्याआधी, जानेवारी १७७९ मध्ये, तळेगावहून मुंबईकडे रातोरात परत फिरलेल्या कंपनीच्या फौजेने जड तोफा तळ्यात टाकल्या होत्या. मराठ्यांनी तिला वडगावला गाठलं आणि तिथेच तह करायला लावला.

‘बीटिंग रिट्रीट’चा मात्र पराभवाशी संबंध नाही. जुन्या काळी सूर्यास्ताला ढोल वाजला की सैनिक लढाई थांबवत, शस्त्रं म्यान करत आणि छावणीत परतत. त्या इशाऱ्याचंच नाव ‘रिट्रीट’. ‘बीटिंग’ म्हणजे ढोल वाजवणं. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला सैन्यदलांची वाद्यपथकं वाजतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता होते, ती या प्रथेवरून. इथे मागे ढकलणारा दाब म्हणजे मावळणारा दिवस.

एकांताची जागा

छावणीत परतणं या अर्थापासून विसाव्याच्या जागेपर्यंत यायला शब्दाला फार चालावं लागलं नाही. जिथे मागे सरायचं, ती जागाच ‘रिट्रीट’ झाली. शिमल्याजवळ मशोब्र्याला राष्ट्रपतींचं निवासस्थान आहे. १८५० मध्ये बांधलेली ती लाकडी वास्तू ‘रिट्रीट’ याच नावाने ओळखली जात आली.

ख्रिस्ती परंपरेत प्रार्थनेसाठी काही दिवस संसारापासून दूर राहणं म्हणजे ‘रिट्रीट’. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी सुमारे ३० दिवसांच्या साधनेचा क्रम आखून दिला, आणि जेझुइट संन्यासी आजही तो पाळतात. इगतपुरीच्या धम्मगिरीवरच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिरालाही इंग्रजीत लोक सर्रास ‘रिट्रीट’ म्हणतात.

या अर्थाचा एक सुंदर उपयोग इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात झाला. मनोरुग्णांना त्या काळी साखळदंडांनी बांधत. विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी संस्था उघडली. तिथे बाग होती, हाताला काम होतं आणि माणुसकीची वागणूक होती. नावातून ‘असायलम’ हा धास्ती घालणारा शब्द वगळला आणि संस्थेचं नाव ठेवलं ‘द रिट्रीट’. मनोरुग्णांच्या मानवी उपचारांच्या इतिहासात या संस्थेचं नाव आदराने घेतलं जातं.

लोणावळ्याला जाणारी कंपनीची मंडळीही याच अर्थाने ‘रिट्रीट’ला जातात. रोजच्या कामाचा दाब मागे टाकून ती चार दिवस बाजूला होतात.

औषध काढून घेतलं, शरीर मागतच राहिलं

दवाखान्यातलं ‘विड्रॉवल’ समजून घेताना पुन्हा दोरी शोधायची. इथे ओढून घेतलेली वस्तू म्हणजे दारू, अफू किंवा झोपेची गोळी. मुळात हा शब्द पदार्थाबद्दल होता: पदार्थ काढून घेतल्यावर दिसणारी लक्षणं. बोलण्यात वाक्य आखूड होत गेलं आणि ‘रुग्ण विड्रॉवलमध्ये आहे’ असं म्हणू लागले. शब्द पदार्थावरून माणसावर सरकला.

आत काय घडतं ते पाहू. मेंदूत काही रसायनं शांत करणारी असतात, काही चेतवणारी. दारू शांत करणाऱ्यांचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्यांचा कमी करते. रोज दारू मिळू लागली की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलटी तजवीज करतो: शांत करणारी यंत्रणा मंद ठेवतो, चेतवणारी तेज. दारू अचानक थांबली की ही तजवीज तशीच मागे राहते आणि तिला अडवणारं काही उरत नाही. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. थोड्यांना दोन ते चार दिवसांनी भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

म्हणून अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरच्यांनी खोलीत कोंडून दारू तोडायला लावणं धोक्याचं आहे. सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. त्या दिवसांत होणारा त्रास हे नाटक नसतं, मनाचा दुबळेपणाही नसतो.

चहा-कॉफी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, तेही याच जातीचं, फक्त सौम्य. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांनी ते सुरू होतं आणि आठवड्याभरात थांबतं.

वैद्यकातच या शब्दाचा दुसरा अर्थ आहे. मुलाच्या अहवालात ‘सोशल विड्रॉवल’ लिहिलेलं असेल तर व्यसनाची शंका घेऊन घाबरू नये. तिथे मुलाने स्वतःला माणसांतून ओढून घेतलं आहे, ते घुमं झालं आहे, एवढंच म्हटलेलं असतं. पण त्याकडे काणाडोळाही करू नये, कारण नैराश्याची सुरुवात अनेकदा अशीच होते.

कागदावरची माघार

कायद्याच्या आणि पैशांच्या व्यवहारात ‘विड्रॉवल’ला काटेकोर अर्थ असतो. नेमकं काय मागे घेतलं, तेवढंच पाहायचं.

१९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने २,००० रुपयांच्या नोटा ‘चलनातून विड्रॉ’ केल्याचं जाहीर केलं. लगेच ‘पुन्हा नोटबंदी’ अशी हाकाटी झाली आणि काही दुकानदारांनी नोट घेणं थांबवलं. पण रिझर्व्ह बँकेने त्याच निवेदनात ही नोट वैध चलन राहील असं सांगितलं होतं. बँकेने ओढून घेतली ती फिरती नोट. तिचं मोल काढून घेतलं नव्हतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १,००० च्या जुन्या नोटांच्या बाबतीत मोलच काढून घेतलं होतं.

निवडणुकीतही तसंच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार उमेदवाराने ठरलेल्या दिवशी दुपारी ३ च्या आत सही केलेली लेखी सूचना दिली तर त्याची उमेदवारी मागे घेतली जाते, आणि एकदा दिलेली सूचना रद्द करता येत नाही. ही वेळ उलटल्यावर एखाद्याने भर सभेत ‘मी माघार घेतली’ असं सांगून दुसऱ्याला पाठिंबा दिला, तरी मतदान यंत्रावर त्याचं नाव आणि चिन्ह राहतंच. राजकारणाच्या भाषेत ते ‘रिट्रीट’ झालं. कायद्याच्या लेखी ‘विड्रॉवल’ झालेलंच नाही.

हिमनदी पुढेच वाहते

निसर्गात ना दोरी धरणारा असतो ना निर्णय घेणारा. म्हणून तिथे हे शब्द जपून वाचावे लागतात.

गंगोत्री हिमनदी ‘रिट्रीट’ करते असं वाचलं की बर्फ मागे, डोंगराकडे सरकतो असं चित्र मनात येतं. तसं कधीच होत नाही. हिमनदीतला बर्फ स्वतःच्या वजनाने सतत उताराकडे, म्हणजे पुढेच सरकत असतो. गोमुखाशी, म्हणजे हिमनदीच्या मुखाशी, पोहोचलेला बर्फ वितळतो. वरून जितका येतो तितकाच वितळला तर मुख जागच्या जागी राहतं. येण्यापेक्षा वितळणं जास्त झालं की मुखाची जागा वर वर जाते. भूगर्भशास्त्रज्ञ जे. बी. ऑडन यांनी १९३५ मध्ये या मुखाचा नकाशा केला होता. तेव्हाच्या खुणांशी आजची जागा ताडून पाहिली की मुख मागे गेलेलं दिसतं. मागे गेली ती फक्त कड.

मोसमी पावसाचंही असंच. हवामान खातं ‘विड्रॉवल’ म्हणतं, भूगोलाची पुस्तकं ‘रिट्रीटिंग मान्सून’ म्हणतात, आणि आपण ‘परतीचा पाऊस’. पश्चिम राजस्थानात सलग ५ दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता घटली आणि जमिनीलगतच्या थरांत हवा खाली उतरून बाहेर पसरू लागली, की पाऊस तिथून परतला असं खातं जाहीर करतं. त्याची सरासरी तारीख १७ सप्टेंबर. ही सीमारेषा वायव्येकडून दक्षिणेकडे सरकत १५ ऑक्टोबरच्या सुमारास देशाबाहेर पडते. म्हणजे ‘मान्सून परतला’ या बातमीत आपल्या गावाचं नाव आहे का, ते पाहायला हवं. राजस्थानातून रेषा हलली म्हणून महाराष्ट्रात काढलेलं सोयाबीन उघड्यावर ठेवायची वेळ आली, असं होत नाही. रेषा आपल्याकडे पोहोचायला अजून दोन-तीन आठवडे असतात, आणि दुपारनंतर गडगडाटासह कोसळणाऱ्या सरी नेमक्या त्याच दिवसांत येतात.

थोडक्यात

* ‘विड्रॉवल’: कोणीतरी काहीतरी ओढून घेतलं. काय ओढून घेतलं ते आधी शोधा: पैसे, अर्ज, सैन्य, औषध की स्वतःला.
* ‘रिट्रीट’: जो हलला तोच कर्ता. समोर दाब आहे की मागे विसाव्याची जागा, ते पाहा.
* युद्धाच्या बातमीत शब्द कोणी वापरला ते तपासा. निर्णय कोणाचा होता, याबद्दलचा दावा त्यात दडलेला असतो.
* कायद्यात आणि बँकेत जेवढं मागे घेतल्याचं लिहिलंय, तेवढंच गेलं. बाकीचं कायम आहे.
* दवाखान्यात ‘विड्रॉवल’ म्हणजे व्यसनाचा पदार्थ थांबल्यावरची लक्षणं; ‘सोशल विड्रॉवल’ म्हणजे माणसांतून अंग काढून घेणं. दोन्हींत डॉक्टरांची मदत घ्या.
* हिमनदी आणि पाऊस यांच्या बाबतीत मागे जाते ती सीमारेषा. ती आज कुठे आहे, हा खरा प्रश्न.